आईचा रंग कोणता?



यंदाच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतील बुद्धविहारात मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. विषय सोपा दिला होता, 'माझी आई'. चाळीसेक मुले-मुली बसली. परीक्षणाचे काम आमच्याकडे आले. चित्रे सतरंजीवर ओळीने मांडली आणि आम्ही पाहतच राहिलो. चाळीसच्या चाळीस आया गुलाबी! टपोरे डोळे, धारदार नाक, लालचुटुक ओठ आणि फिकट गुलाबी चेहरा.

रंगीत खडूंच्या पेटीत एक फिकट कांडी असते. मुले तिला 'स्किन कलर' म्हणतात. दुकानदारही तेच म्हणतो. माणसाचा चेहरा आला की ती कांडी काढायची आणि फासायची, एवढेच मुलांना ठाऊक. आणि त्या मुलांच्या मागे भिंतीला टेकून त्यांच्या आया उभ्या होत्या. कुणी चार घरची धुणीभांडी आटोपून आलेली, कुणी भाजीची पाटी ठेवून आलेली. सावळ्या, गव्हाळ, काळ्या, उन्हाने रापलेल्या. एकीचाही रंग त्या कांडीशी जुळत नव्हता.

एका सात-आठ वर्षांच्या मुलीला आम्ही विचारले, "बाळ, आईकडे बघून काढलंस का गं?"

ती म्हणाली, "नाही. आईचा रंग पेटीत नाही."

वाचकहो, हे उत्तर आमच्या डोक्यातून जाईना. दोष त्या लेकराचा नव्हे. तिने कॅलेंडरावर, टीव्हीवर, पाठ्यपुस्तकात जी आई पाहिली तीच काढली. पण आपल्या घरातली आई चित्रात काढण्याजोगी नाही, असे जर मुलाच्या मनाने नकळत ठरवून टाकले, तर ते साधे नाही. ज्या समाजाकडे शतकानुशतके कुणी धड पाहिले नाही, ज्याची सावलीही टाळली गेली, त्या समाजाच्या लेकरांनी तरी आपल्या माणसांकडे डोळे भरून पाहायला नको काय?

म्हणून आम्ही काही पालकांशी बोललो आणि रविवारी सकाळी वंदनेनंतर दीड तासाचा वर्ग सुरू केला. नियम एकच. कॅलेंडर नाही, मोबाइल नाही, पाहून काढायचे ते समोर बसलेले माणूस. चित्रकला महाविद्यालयात याला 'लाइफ ड्रॉइंग' म्हणतात. आपण धम्मवंदनेत रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. आमच्या वर्गाला याहून वेगळे ब्रीद शोधावे लागले नाही.

समोर बसायला वस्तीतल्या एक आजी तयार झाल्या. जन्मभर नाक्यावर उभे राहून बिगारी काम केलेल्या. "नुसतं बसायचं? ते तर कधी जमलंच न्हाई," असे म्हणत त्या खुर्चीवर बसल्या.

पेन्सिलचा रविवार

पहिल्या दिवशी साधी पेन्सिल. पण बारीक रेघ ओढायच्या आधी घाईची रेखाटने करायला लावली. आजी दोन मिनिटे एका ढंगात बसणार, तेवढ्यात कागदावर फक्त त्यांचा ढंग पकडायचा. पाठीचा बाक, मानेचा कल, भार कुठे टेकला आहे ते. नाक-डोळे नाहीत. अशी दहा-बारा रेखाटने झाली की हात मोकळा होतो आणि चित्र बिघडण्याची भीती जाते.

मग मापे. मुलांना सांगितले, हात ताठ लांब करा, एक डोळा मिटा, पेन्सिल उभी धरा आणि टोकापासून अंगठ्यापर्यंत आजींचे डोके मोजा. तेच माप खाली खाली नेत जा. उभा मोठा माणूस सुमारे सात ते साडेसात डोक्यांइतका उंच भरतो. लहान मुलाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे, म्हणून ते कमी डोक्यांत संपते. मुलांना सर्वांत मोठे आश्चर्य वाटले ते डोळ्यांचे. सगळ्यांनी डोळे कपाळात काढले होते. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळपास मध्यावर असतात. आणि तळहात? मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात हनुवटीपासून पार कपाळापर्यंत पोहोचतो. मुले आपापल्या तोंडावर हात ठेवून बघू लागली. आपण ठाऊक आहे ते काढतो, दिसते ते काढत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले.

पेनचा रविवार

पुढच्या रविवारी पेन्सिल आणि खोडरबर काढून घेतले. हाती दिले दोन-चार रुपयांना मिळणारे बॉलपेन. खोडायची सोय नाही. नजर आजींच्या हातावर ठेवायची, कागदाकडे बघायचेच नाही. बोटाच्या कडेवरून मुंगी चालावी तशी नजर चालवायची आणि तितक्याच सावकाश पेन.

चित्रे निघाली ती अशी की सगळा विहार हसला. कुणाचा अंगठा कोपराला, कुणाची बोटे सहा. आजी म्हणाल्या, "आरं, हा हात हाय का भोपळ्याचा वेल?" पण नीट पाहिले तर त्या वेड्यावाकड्या रेघांत सांध्यांच्या गाठी, तुटलेले नख, बांगडीखाली दबलेली कातडी सगळे आले होते. पेन्सिलच्या चित्रात यातले काहीच नव्हते. खोडता येत नाही म्हटल्यावर मूल नीट पाहते, हा शाईचा गुण.

मुलांना आम्ही बंगालच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. झैनुल आबेदिन हे तरुण चित्रकार तेव्हा कलकत्त्यात होते. रस्त्यावर मरून पडणारी माणसे त्यांनी साध्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने, ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढली. त्याच काळात चित्तप्रसाद यांनी दुष्काळी भागात पायी हिंडून शाईने माणसे काढली. त्यांचे 'हंग्री बंगाल' हे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केले. हेच चित्तप्रसाद पुढे मुंबईत अंधेरीला राहत. स्वस्त कागद आणि काळी शाई. पण त्या चित्रांची सरकारला भीती वाटली, कारण त्यांत माणसे जशी होती तशी होती.

कोळशाचा रविवार

तिसऱ्या रविवारी कोळसा. चित्रकलेच्या दुकानात काड्यांचा डबा मिळतो. तो परवडत नसेल तर बोटभर जाडीच्या सरळ, वाळलेल्या काड्या पत्र्याच्या डब्यात घट्ट भरा, झाकणाला बारीक भोक ठेवा आणि डबा मोकळ्या जागी विस्तवात ठेवा. भोकातून धूर येणे थांबले की डबा बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्या. हवा न मिळाल्याने काडी जळून राख होत नाही, तिचा कोळसा होतो. हे काम मोठ्या माणसानेच करावे.

कोळशाने रेघ ओढायची नाही. कांडी आडवी धरून सावली भरायची. आजींना दाराजवळ बसवले, म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. मुलांना डोळे किलकिले करायला सांगितले. किलकिल्या डोळ्यांना बारीकसारीक दिसत नाही, फक्त उजेड आणि अंधार दिसतो. तो अंधार आधी भरा. मग जिथे उजेड हवा तिथे पावाच्या मऊ गराची गोळी करून कोळसा टिपून घ्या. पूर्वी युरोपातले चित्रकारही कोळसा पुसायला पावच वापरीत. एरवी मुले चेहऱ्याची बाहेरची रेघ काढून आत नाक-डोळे बसवतात. कोळशाने त्यांना प्रथमच कळले की चेहरा हा कागदासारखा सपाट नाही, त्याला डोंगर-दऱ्या आहेत.

जर्मनीत केथे कोलवित्झ नावाची थोर चित्रकर्ती होऊन गेली. जन्म १८६७, मृत्यू १९४५. तिचा नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना चालवी. तिथे येणाऱ्या कष्टकरी बायका, त्यांची आजारी मुले हिने कोळशाने काढली, दगडावर काढून छापली, तांब्याच्या पत्र्यावर आणि लाकडावर कोरली. कष्टकरी माणूस तिला सुंदर वाटे, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिची चित्रे कधी पाहायला मिळाली तर त्यातले हात बघा. ते आपल्या घरातलेच वाटतात.

खाकी कागद आणि पांढरा खडू

चौथा रविवार आमच्या कायम लक्षात राहील. पांढऱ्या कागदाऐवजी वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद दिला. एका हातात कोळसा, एका हातात शाळेतला पांढरा खडू. सांगितले, जिथे सावली तिथेच कोळसा, जिथे उजेड चमकतो तिथेच खडू, बाकी कागद मोकळा सोडा.

पंधरा-वीस मिनिटांत मुले गप्प झाली. जे घडत होते ते त्यांना दिसत होते. मोकळा सोडलेला कागदच आजींची कांती झाला होता! पेटीत जो रंग नव्हता तो कागदातच होता. गालाच्या हाडावर खडूची एक पुसट फिरकी, कपाळावर एक, हातावरच्या शिरांवर दोन बारीक रेघा, आणि आजी कागदातून वर आल्या. पांढऱ्या कागदावर सावळ्या माणसाला काळे करत न्यावे लागते. खाकी कागदावर तेच माणूस उजेडाने काढता येते. इतकी साधी गोष्ट, पण आम्हांलाही त्या दिवशी नव्याने उमगली.

जिने 'आईचा रंग पेटीत नाही' म्हटले होते, तिचे चित्र सर्वांत चांगले उतरले. तिने ते आजींना दाखवले. आजींनी बराच वेळ पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "एवढी काळी हाय व्हय मी?"

सगळा वर्ग चिडीचूप. आम्हांलाही काय बोलावे सुचेना. या एका प्रश्नात त्या बाईने जन्मभर ऐकलेले सगळे टोमणे होते. लग्नात, नाक्यावर, बसमध्ये.

ती पोर म्हणाली, "आजी, काळा फक्त सावलीला लावलाय. बाकी तुम्हीच आहात."

आजींनी कागद दाराच्या उजेडात धरला. खडूच्या रेघांवरून, न लागेल इतके वरून, बोट फिरवले. म्हणाल्या, "हात माझंच हायेत. ह्याच हातांनी पाट्या उचलल्या." आणि ते चित्र त्यांनी मागून घेतले. आज ते त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

रंग कालवताना

पाचव्या रविवारी जलरंग. ट्यूबमधला तपकिरी रंग तसाच फासला तर चेहरा मातीच्या भिंतीसारखा मेलेला दिसतो. कांतीचा रंग कालवावा लागतो. पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, तांबूस गेरू म्हणजे बर्न्ट सिएना आणि किंचित निळा. या तिघांच्या कमी-जास्त मिश्रणातून आणि पाण्यातून आपल्या वस्तीतला जवळपास प्रत्येक माणूस निघतो. कपाळ जरा पिवळसर असते, गाल आणि कान तांबूस, हनुवटीखाली निळसर सावली. मुलांना सांगितले, स्वतःच्या मनगटाशेजारी कागद धरा आणि रंग जुळेपर्यंत कालवा. मग आईचा, बाबांचा, भावंडांचा. प्रत्येकाने ठिपके दिले आणि खाली नावे लिहिली. एकाच घरातले दोन ठिपकेही सारखे निघाले नाहीत. 'स्किन कलर' असा एकच रंग नसतो, हे समजवायला आम्हांला भाषण करावे लागले नाही.

मुलांना आम्ही अजिंठ्याची चित्रे दाखवली. पाचव्या शतकाच्या सुमारास आपल्याच मातीतल्या कलावंतांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असले रंग वापरून बुद्धाची गोष्ट भिंतींवर रंगवली. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्व आहे आणि त्याच लेण्यात काळ्या-सावळ्या कांतीच्या राजस्त्रिया दागिने लेवून दिमाखात उभ्या आहेत. सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धासमोर यशोधरा आणि राहुल उभे आहेत. त्या कलावंतांना सावळा रंग लपवावा असे वाटले नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली ही चित्रे उतरवून घेतली. आपल्या मुलांनीही वह्यांत ती उतरवावीत. तो वारसा त्यांचाच आहे.

बाबांचा कोट

आता एक आमचीच चूक सांगतो. वर्गातल्या एका मुलाचे वडील सफाई कामगार आहेत. आम्ही त्याला म्हटले, बाबा कामावर जाताना जसे दिसतात तसे काढ. वडील म्हणाले, "झाडू घेऊन नको काढू. जयंतीला घालतो तो कोट घालून बसतो."

आम्हांला आधी वाटले, ही कामाची लाज. आहे तसे पाहायचे, हाच तर वर्गाचा नियम. समजूत घालायला आम्ही निघालोही होतो. मग मनात आले, बाबासाहेबांचे पुतळे आपण कोणत्या वेषात उभे करतो? १९६७ साली संसदेच्या आवारात शिल्पकार ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा बसला, तो कोट-टायमध्येच. बाबासाहेबांनी आपल्याला नीटनेटके राहायला सांगितले ते उगाच नव्हे. ज्या माणसाला जगाने फक्त झाडूसकटच पाहिले, त्याला एकदा झाडूशिवाय पाहावे असे वाटले, तर त्यात वावगे काय?

नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि हाती झाडू असलेला अस्पृश्य माणूस काढला, देवदासी काढली, आणि पाहणाऱ्याला मान खाली घालायला लावली. ते काम थोरच आहे. पण ते चित्रकाराने समजून-उमजून मांडलेले गाऱ्हाणे आहे. घरातल्या माणसाचे चित्र काढताना त्या माणसाचा शब्द मोठा. म्हणून वर्गाला दुसरा नियम जोडला. समोर बसणाऱ्याला आधी विचारायचे, तुम्हांला कसे दिसायचे आहे?

त्या मुलाने कोटातले बाबा काढले. हात मात्र जसेच्या तसे, घट्टे पडलेले. वडिलांनी ते पाहिले आणि काही बोलले नाहीत. झाडूसह दुसरे चित्र अजून निघालेले नाही. ते जेव्हा स्वतः म्हणतील तेव्हा निघेल.

पालकांच्या शंका

काही पालकांनी बाजूला घेऊन विचारले, "कॉलेजात म्हणे कपड्यांविना माणूस बसवतात?" होय, १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे.सारख्या कलाशाळेत मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शरीराची रचना शिकायला तसेही बसवले जाते. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला शरीर शिकावे लागते, तसेच हे. पण एक गोष्ट आपण जाणून असावे. तिथे समोर बसणाऱ्या बाया-माणसे बहुधा गरीब घरांतूनच येतात. एकाच स्थितीत तास-तास न हलता बसणे हे अंगमेहनतीचे काम आहे. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट २०१८ साली आला, तो अशाच एका बाईवर आहे. तिच्याकडे बोट दाखवण्याचा आपल्याला अधिकार नाही. तीही आपल्यासारखीच घाम गाळणारी आहे. आपल्या विहारातल्या वर्गात अर्थातच सगळे अंगभर कपड्यांत बसतात.

दुसरी शंका, "यानं पोट भरेल का?" प्रत्येकजण चित्रकार होईल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. मात्र शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुलांना जरूर बसवा. पुढे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत. कलाशिक्षकाची पदविका आहे. आणि ज्याला माणूस नीट पाहता येतो तो शिंपी होवो, परिचारिका होवो की शिक्षक, त्याचे काम चांगलेच होते.

बाबासाहेबांनीसुद्धा उतारवयात रंग आणि ब्रश हाती घेतले होते. त्यांचे उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. डोळे मिटलेला नव्हे, तर जगाकडे पाहणारा बुद्ध. मुलांच्या हाती पेन्सिल देताना ते चित्र आठवावे.

येत्या रविवारी घरीच करून पाहा. खाकी कागद, कोळशाचा तुकडा, खडू. आईला दाराशी उजेडात बसवा आणि आधी विचारा, "आई, तुला कसं काढू?" मग वीस मिनिटे तिला उठू देऊ नका. चित्र चांगले येवो न येवो, आई वीस मिनिटे बसेल, हा तरी फायदा नक्की!